तूर शेंडा कटरवर पेटंटची नोटीस, सोबत तडजोडीचा मसुदा: सही करू की थांबू?

दारव्हा_फॅब

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॉली, गेट, पेरणी यंत्राची दुरुस्ती ही बारमाही कामं. काही हंगामांपासून तुरीचा शेंडा खुडायचं बॅटरीवरचं कटर बनवतो. विदर्भात कुणाला ते समजावून सांगायला नको: हलका पाईप, टोकाला छोटी डीसी मोटर, तिच्यावर एक पातं, भोवती पत्र्याचं कडं, आणि पाठीवरच्या फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी. हंगामात साधारण ४०० नग जातात. दुकानदाराला १,८०० ला देतो. माल, मजुरी, वाहतूक वजा जाता नगामागे ३५० सुटतात.

गेल्या आठवड्यात एका कंपनीच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली. म्हणे हे यंत्र त्यांच्या पेटंटमध्ये येतं. सोबत तयार करारनामा. मागच्या विक्रीपोटी एकरकमी २ लाख, पुढे नगामागे ३०० रॉयल्टी, पंधरा दिवसांत सही. नाही केली तर कोर्टात २० लाखांची भरपाई मागू आणि उत्पादनावर स्टे आणू.

त्याहून वाईट म्हणजे असंच पत्र त्यांनी माझा माल ठेवणाऱ्या कृषी सेवा केंद्रांनाही पाठवलं. दिग्रसच्या दुकानदाराने माल परत न्यायला सांगितलं. पेरण्या सुरू झाल्यात, जुलैअखेर शेंडे खुडणी लागेल. तालुक्यातले वकीलसाहेब म्हणतात, "पेटंट माझा विषय नाही, पण मिटवून टाक." ३५० मधून ३०० दिले तर मी काय गेट वेल्ड करून यंत्र फुकट वाटू?

(कंपनीचं नाव मूळ पोस्टमध्ये होतं, ते काढलं आहे. कुणी विचारू नये. – व्यवस्थापक)

पाटाचं_पाणी

काहून देता बाप्पा २ लाख? हे कटर तं आमच्या गावातच चार जनं बनवतेत. माया भाच्यानं २०१७ च्या खरिपात त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. आता हे आले पेटंटवाले! उत्तरच नका देऊ. पंधरा दिवस काय, पंधरा महिने गेले तरी कोनी येत नाही.

कायदाकोन

नागपूरला वकिली करतो, त्यातली थोडी या विषयातली आहे. पाटाचं_पाणी भाऊ, रागावू नका, पण उत्तर न देणं हा सल्ला महागात पडेल.

दारव्हा भाऊ, आधी त्या नोटिशीचं पाकीट शोधा आणि शिक्क्यासकट फाईलला लावा. पेटंट कायद्याच्या कलम १११ प्रमाणे, पेटंट असल्याचं ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं हे तुम्ही सिद्ध केलं, तर त्या काळाची भरपाई तुमच्याकडून घेता येत नाही. नोटीस हातात पडली त्या दिवसापासून हा बचाव संपला. म्हणजे मागच्या हंगामांचे २ लाख आणि पुढचे ३०० हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात तुमची बाजू बरीच बरी आहे. दुसऱ्यात रोज थोडी थोडी पातळ होते आहे.

दुसरं, त्यांना फोन करू नका. माणूस फोनवर घाबरून म्हणून जातो की "साहेब, थोडं कमी करा." तेच वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं. जे बोलायचं ते लेखी, आणि वर "हक्कांना बाधा न आणता, केवळ तडजोडीसाठी" असं लिहून.

नोटिशीत पेटंटचा क्रमांक दिलाय का? फक्त क्रमांकात किती आकडे आहेत एवढंच इथे लिहा.

दारव्हा_फॅब

दोन क्रमांक आहेत. एक सहा आकडी. दुसरा बारा आकडी, २०२३ ने सुरू होणारा. दोन्हींच्या पुढे "पेटंट" असंच लिहिलंय. क्रमांक कायदाकोन आणि क्लेमवाचक यांना व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

क्लेमवाचक

मिळाले, पाहिले. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं, लॉगिनही लागत नाही.

बारा आकडी क्रमांक हा अर्जाचा असतो. पहिले चार आकडे वर्ष, पाचवा कार्यालय (२ म्हणजे मुंबई), मग अर्जाचा प्रकार आणि शेवटी अनुक्रमांक. मंजूर पेटंटचा क्रमांक सहा आकडी. म्हणजे दुसऱ्या क्रमांकापुढे त्यांनी "पेटंट" लिहिलं ते खरं नाही. तो अर्ज प्रसिद्ध झालाय, परीक्षकाने हरकतींचा अहवाल दिलाय आणि तिथेच तो अडकलाय. मंजुरीआधी त्यावर दावा लावता येत नाही. मंजूर झाला तर मात्र प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागता येते, म्हणून त्याच्याकडे काणाडोळाही करू नका.

पहिला क्रमांक खरा आहे. अर्ज २०१९ चा, म्हणजे वीस वर्षांच्या हिशेबाने २०३९ पर्यंत. मंजुरी गेल्या ऑक्टोबरातली. वार्षिक शुल्कही वेळेवर भरलंय. (हे नेहमी बघायचं. कित्येक पेटंटं शुल्क न भरल्याने मेलेली असतात आणि मालक मेलेल्या पेटंटवर नोटिसा पाठवतो.)

आता मुख्य गोष्ट. पेटंट म्हणजे त्याचं शीर्षक नव्हे. शीर्षक आहे "पिकाचे शेंडे खुडण्याचे यंत्र". ते वाचून दुकानदार घाबरला असणार. हक्क असतो तो शेवटच्या पानांवरच्या क्लेममध्ये. यांच्या पहिल्या क्लेममध्ये चार गोष्टी एकत्र मागितल्यात: लांबी कमीजास्त करता येणारा दांडा, त्याच्या टोकाला उलटसुलट फिरणारी दोन पाती, पात्यांभोवती जाळीचं कडं, आणि तुटलेले शेंडे पडायला कडीला अडकवलेली पिशवी. बाकीचे क्लेम या पहिल्यावरच उभे आहेत.

तुमच्या यंत्रात यातलं काय काय आहे? खरं सांगा, इथे कंपनी नाही.

दारव्हा_फॅब

चालू मॉडेलमध्ये दांडा एकसंध आहे, पातं एकच, कडं पत्र्याचं, पिशवी नाही. शेंडे खाली पडतात, बाया मागून वेचतात किंवा ढोरं खातात.

पण यवतमाळच्या एका डीलरने यंदा दोन पात्यांचं, पिशवीवालं मागितलंय. शेंडे गोळा करून बकऱ्यांना घालता येतात म्हणून मागणी आहे. ६० नगांची ऑर्डर आहे, वीसेक तयार झालेत. दांडा त्यातही साधाच आहे.

क्लेमवाचक

मग तुमच्याकडे दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि त्यांनी दोन्ही एकाच पोत्यात भरलीत.

एकपाती यंत्र: चारपैकी जवळजवळ एकही घटक जुळत नाही. इथे तुम्ही ताठ राहू शकता. दोनपाती पिशवीवालं: दोन घटक सरळ जुळतात, कडं कसं आहे त्यावर तिसरा, आणि दांड्याची लांबी हा घटक महत्त्वाचा नाही असं ते कोर्टाला सांगतील. कोर्ट शब्दाला शब्द जुळतो का एवढंच बघत नाही, गाभा उचलला आहे का हेही बघतं. तिथे छाती काढून बोलू नका.

म्हणजे त्यांची मागणी ४०० नगांवर आहे, आणि खरा वाद ६० वर.

पाटाचं_पाणी

म्हंजे माया भाच्याचा व्हिडिओ कामाचा हाय का नाही?

क्लेमवाचक

आहे. अर्ज २०१९ चा, व्हिडिओ २०१७ चा, आणि यूट्यूबवर टाकल्याची तारीख दिसते. त्याला हात लावू नका, शीर्षक बदलू नका, पुसून नव्याने तर मुळीच टाकू नका. पण त्यात एकच पातं असेल तर तो एकपाती यंत्राला ढाल आहे, दोन पात्यांच्या पेटंटला सुरुंग नाही. त्यासाठी दोन पाती अधिक पिशवी असं जुनं काहीतरी पाहिजे. चहाच्या मळ्यात पानं तोडायची यंत्रं पाहिलीत का? सरकती पाती, मागे हवेने फुगलेली पिशवी, आणि ती फार जुनी आहेत. "चहाचं यंत्र होतंच, फवारणीची बॅटरी होतीच, दोन्ही जोडायला कसलं संशोधन लागलं?" हा प्रश्न त्यांना अडचणीचा आहे. केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) छापील पुस्तिका, नागपूरच्या अॅग्रोव्हिजन कृषी प्रदर्शनातली जुनी पत्रकं, वर्तमानपत्राच्या शेतीपानावरची कात्रणं, ज्यावर तारीख छापली आहे असं काहीही शोधा. व्हॉट्सअॅपवर फिरलेला व्हिडिओ टिकवणं अवघड असतं.

जुगाडू_बाप्पा

सगळे कंपनीला झोडपताहेत म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. हिंगणघाटकडचा आहे. माझ्या नावावर एक पेटंट आहे, यंत्र कोणतं ते सांगत नाही. चार वर्षं घासून बनवलं आणि पुढच्या हंगामात शेजारच्या जिल्ह्यात माझ्याच यंत्राची नक्कल माझ्यापेक्षा ४०० ने स्वस्त. तेव्हा "हे तं कोनीही बनवते" म्हणणारे लय भेटले. कोणीही बनवते ते मी बनवल्यावर.

पण पेटंटवाल्याच्या मनात काय चालतं ते सांगतो, ते तुमच्या कामाचं आहे. त्याला सर्वांत मोठी भीती तुमच्या २ लाखांची नसते. भीती ही असते की समोरचा चिडून पेटंटलाच हात घालेल. दावा लावला की समोरचा त्याच दाव्यात पेटंट रद्द करा म्हणू शकतो, मग ते प्रकरण जिल्हा न्यायालयातून हायकोर्टात जातं. तिथे पेटंट उडालं तर ते एकट्या तुमच्यापुरतं नाही, सगळ्या देशापुरतं उडतं. ज्यांनी आधी मुकाट सही केली तेही पैसे थांबवतात. म्हणून शहाणा पेटंटवाला लहान माणसाशी भांडत नाही, स्वस्तात मिटवतो आणि दर कुणाला सांगू नको म्हणतो. तुमच्या करारात गुप्ततेचं कलम नक्की असेल. बघा.

दारव्हा_फॅब

आहे. कलम ९. आणि त्याच्या खाली कलम १० असं: "परवानाधारक सदर पेटंटच्या वैधतेस कोणत्याही मंचापुढे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आव्हान देणार नाही व देण्यास इतरांस साहाय्य करणार नाही." आणि कलम १२: मी यंत्रात जी काही सुधारणा करीन ती कंपनीच्या मालकीची, फुकट.

क्लेमवाचक

थांबा. मंजुरी गेल्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाली. मंजुरीनंतरचा विरोध, कलम २५(२), फॉर्म ७, हा प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आतच दाखल करता येतो. म्हणजे येत्या ऑक्टोबरपर्यंत दार उघडं आहे. हायकोर्टात रद्द करायचा अर्ज नंतरही करता येतो, पण तो खर्चिक. पेटंट कार्यालयातला विरोध त्या मानाने तुमच्या-माझ्या आवाक्यातला.

त्यांना पंधरा दिवसांत सही का हवी होती? मला वाटलं होतं हंगाम बघून दाबताहेत. हंगाम आहेच. पण कलम १० वर ऑक्टोबरच्या आत जितक्या वर्कशॉपवाल्यांच्या सह्या होतील, तितके संभाव्य विरोधक कमी. तीनशे रुपयांच्या रॉयल्टीपेक्षा त्यांना ही सही मोलाची आहे.

कायदाकोन

बरोबर पकडलंत. आणि गंमत अशी की ही दोन्ही कलमं आपल्या कायद्यालाच चालत नाहीत. पेटंट कायद्याच्या कलम १४० मध्ये परवान्यात काय घालू नये याची यादी आहे. सुधारणा एकतर्फी मालकाला देऊन टाकण्याची अट आणि वैधतेला आव्हान देण्यावरची बंदी, दोन्ही त्यात आहेत. अशी अट शून्य ठरते. नको असलेली पेटंटं हवी असलेल्याबरोबर गळ्यात मारणं, हेही त्याच यादीत. तुमच्या करारात मंजूर पेटंट आणि अडकलेला अर्ज एकाच ३०० रुपयांत बांधलेत, त्यावरही बोट ठेवता येईल.

पण अट शून्य आहे म्हणून निर्धास्त सही करू नका. शून्य ठरवायलाही कोर्टातच जावं लागतं.

वरूडची_लेक

बियाण्याच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, आता घरची संत्राबाग बघते. वाटाघाटीत कुणाचा हात कधी वर जातो हे बघायचं असेल तर आपल्याच कापसाचं प्रकरण घ्या. ज्या पाकिटाचे पैसे आपण दर जूनमध्ये मोजत होतो त्याच्या आत हे भांडण बसलेलं होतं.

२००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. देशी बियाणे कंपन्यांनी माहिको-मोन्सँटोकडून पोटपरवाने घेतले, नुझिवीडूने २००४ मध्ये. पाकीट १,६०० च्या घरात गेलं आणि त्यात मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या रॉयल्टीचा. आणि त्या पहिल्या पिढीच्या तंत्रज्ञानाला, बोलगार्ड-१ ला, भारतात पेटंट नव्हतंच! तरी परवाना घेऊन पैसे दिले जात होते, कारण बियाणं दुसरीकडे मिळत नव्हतं. कागद नसतानाही जोर असू शकतो, तो असा. २००६ मध्ये आंध्र सरकार एमआरटीपीसीकडे (मक्तेदारीला आळा घालणाऱ्या आयोगाकडे) गेलं तेव्हा पाकीट ७५० वर आलं.

पेटंट होतं ते पुढच्या पिढीच्या बोलगार्ड-२ वर. २०१५ मध्ये रॉयल्टीवरून फाटलं, देशी कंपन्यांनी पैसे थांबवले, मोन्सँटोने करार मोडले. तोवर केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला आणि मार्च २०१६ मध्ये ४५० ग्रॅमच्या पाकिटावरची रॉयल्टी १६० च्या वरून थेट ४९ वर आणली. म्हणजे ज्यावरून भांडण, तो आकडाच तिसऱ्याने ठरवून टाकला. नंतर ३९, मग २०, मग शून्य.

कोर्टातला झोपाळा तर बघा. मार्च २०१७: दिल्ली हायकोर्टाचे एक न्यायमूर्ती म्हणाले करार पाळा, सरकारी दराने पैसे द्या. एप्रिल २०१८: खंडपीठ म्हणालं पेटंटच अवैध, कारण कशाला पेटंट देता येत नाही हे सांगणाऱ्या कलम ३(जे) मध्ये बियाणं-झाडाचे भाग येतात. ८ जानेवारी २०१९: सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला, साक्षीपुरावे घेऊन पुन्हा ठरवा म्हणून परत पाठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंटची मुदतच संपली. आणि मार्च २०२१ मध्ये दोघांनी बाहेर मिटवून टाकलं, अटी गुप्त. पेटंट वैध होतं की नव्हतं याचं उत्तर शेवटपर्यंत आलंच नाही.

मला यात घेण्यासारखं वाटतं ते हे: प्रत्येक निकालाच्या दुसऱ्या दिवशी तडजोडीचा भाव बदलत होता, आणि मुदत जसजशी संपत आली तसं मालकाचं बळ ओसरलं. दारव्हा भाऊ, तुमच्या बाबतीत मुदत २०३९ आहे. वाट बघत बसायचं हत्यार तुमच्याकडे नाही. तुमचं हत्यार ऑक्टोबर.

पाटाचं_पाणी

ताई, एवढं आमाले कोनी कधी सांगतलं नाही. पाकिटाच्या मागं काय छापते ते वाचाले चष्मा लागते, तेवढंच माहीत.

सावलीचा_धानवाला

गुजरातचं बटाट्याचं प्रकरण विसरलात सगळे. २०१९ मध्ये पेप्सिकोने साबरकांठा भागातल्या शेतकऱ्यांवर आपलं बटाट्याचं वाण लावलं म्हणून दावे लावले, एकेकावर कोटीच्या वर. मग कोर्टात तडजोड पुढे केली: आमच्या कंत्राटी शेतीत या, नाहीतर हे वाण लावणार नाही असं लिहून द्या. शेतकऱ्यांनी सही केली नाही, देशभर बोंब झाली, मे महिन्यात कंपनीनेच दावे मागे घेतले. आपणही पेपरात देऊ. एका दिवसात शेपूट घालतील.

कायदाकोन

ते पेटंट नव्हतं, वाणाची नोंदणी होती. वेगळा कायदा, आणि त्यात शेतकऱ्याला बियाणं ठेवण्या-वापरण्याचा-वाटण्याचा स्पष्ट हक्क आहे. शिवाय लोकसभा निवडणूक चालू होती. दारव्हा भाऊ शेतकरी म्हणून नाही, उत्पादक म्हणून उभे आहेत. त्यांना ती सहानुभूती मिळेलच असं नाही. आणि गोष्ट तिथे संपलीही नाही: २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली, जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने ती रद्द करण्याचा निर्णय उलटवला. पेपरातली बोंब दोन दिवस पुरते.

सावलीचा_धानवाला

वकील लोकांना बोंब आवडत नाही कारण तिची फी लागत नाही.

कायदाकोन

हे मात्र खरं.

आता कामाचं लिहितो. हा सल्ला समजू नका, दिशा समजा. पेटंटचं काम करणारा वकील किंवा एजंट गाठाच.

स्टेची भीती ही त्यांची खरी ताकद. २० लाखांचा आकडा शोभेचा आहे. एकतर्फी मनाई हुकूम जुलैत आला तर तो ऑगस्टअखेर उठला तरी तुमचा हंगाम गेला. म्हणून आधी कॅव्हेट लावा, म्हणजे मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा कोर्टात आगाऊ अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८ अ. ते ९० दिवस टिकतं, खर्च किरकोळ, आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम निघायची शक्यता बरीच कमी होते. कुठे लावायचं? पेटंटमध्ये दावा तुमच्या गावी किंवा जिथे तुम्ही विकलं तिथे. ऑनलाइन विकता का? दिल्लीला एक नग जरी कुरिअर केला असेल तर दिल्लीचं दार त्यांना उघडतं.

दुसरं, दुकानदारांना गेलेली पत्रं. कलम १०६: पेटंटभंगाच्या बिनबुडाच्या धमक्या दिल्या तर ज्याचं नुकसान झालं तो दावा लावू शकतो, धमकी दुसऱ्याला दिलेली असली तरी. नुसतं "आमचं पेटंट आहे" कळवणं म्हणजे धमकी नव्हे, पण अडकलेल्या अर्जाला पेटंट म्हणून दुकानदाराला माल हटवायला लावणं हे वेगळं. दिग्रसच्या दुकानदाराकडून ते पत्र आणि माल परतीची चिठ्ठी घेऊन ठेवा. ही चिठ्ठी २ लाखांच्या मागणीला तुमचं उत्तर आहे.

तिसरं, त्यांनी तातडीचा स्टे मागितला नाही तर व्यापारी न्यायालयाच्या कायद्याप्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते पक्कं केलंय. म्हणजे बोलायला टेबल मिळेल.

चौथं, एक धोका. "वाद नको, थोडे देऊन टाकू" म्हणून एक हंगाम जरी एकपाती यंत्रावर रॉयल्टी दिली, की पुढे "लागू नाही" म्हणणं जड जातं. मोबाईलवाल्यांच्या वादात हेच झालं. नोकिया-ओप्पो प्रकरणात २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने खटला चालू असतानाच ओप्पोला पैसे जमा करायला लावले, आणि आधी २०१८ मध्ये घेतलेला परवाना त्यात आडवा आला. तिथले आकडे आणि आपले आकडे यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण तत्त्व तेच.

दारव्हा_फॅब

ऑनलाइन नाही विकत. चिठ्ठी आणतो. मग किती म्हणू? शून्य म्हटलं तर चिडतील.

जुगाडू_बाप्पा

शून्य म्हणा एकपातीवर, कारण ते तुमचं खरं उत्तर आहे. दोनपातीवर आकडा काढा. दोन पात्यांचं यंत्र तुम्ही एकपातीपेक्षा कितीने महाग विकता?

दारव्हा_फॅब

डीलरशी २,१५० ठरलेत. जास्तीची मोटर, पिशवी धरून खर्च २०० ने वाढतो. म्हणजे वरचे १५० सुटतात.

जुगाडू_बाप्पा

मग पेटंटने तुम्हाला दिलं ते हे १५०. वाटा मागायचा तर त्यातून. मी मालक असतो तर ७५ मागितले असते आणि ५० वर मनातून खूश झालो असतो. ३०० हा आकडा यंत्राच्या किमतीवर काढलाय. पाईप, मोटर आणि बॅटरी काय त्यांनी शोधली?

आणि तुमचा खरा पर्याय काय, हे आधी स्वतःला विचारा. दोनपातीचा नाद सोडला तर बुडतं काय? ६० गुणिले १५०, म्हणजे ९,०००. एवढ्यासाठी कोर्ट नाही आणि २ लाखही नाहीत. ज्याला उठून जाता येतं त्यानेच बसून बोलावं.

वरूडची_लेक

जुगाडू दादांचा हिशेब बरोबर, पण एक राहिलं. पुढच्या वर्षी सगळ्यांना पिशवीवालंच हवं असेल तर ९,००० चे ६०,००० होतात. करार करायचा तर आताच, स्वस्तात आणि कमी नगांवर करून ठेवणंही वाईट नाही. फक्त दर वाढणार नाही आणि दुसऱ्या वर्कशॉपला कमी दराने दिलं तर तोच दर तुम्हालाही, हे लिहून घ्या.

क्लेमवाचक

आणि पेटंट रद्द झालं किंवा लॅप्स झालं तर त्या दिवसापासून रॉयल्टी बंद, हेही. मुदत संपल्यावर तीन महिन्यांच्या नोटिशीने करार मोडता येतो हे कलम १४१ मध्ये आहेच, पण तेवढ्यावर विसंबू नका.

दारव्हा_फॅब

उशिरा लिहितोय, हंगामाची धांदल. नागपूरच्या वकीलबाईंकडून उत्तर पाठवलं. चार मुद्दे: एकपाती यंत्र क्लेममध्ये बसत नाही (घटकांच्या तुलनेचं कोष्टक जोडलंय); बारा आकडी क्रमांक पेटंट नाही; दुकानदारांना गेलेली पत्रं मागे घ्या, नाहीतर कलम १०६; दोनपातीबद्दल हक्कांना बाधा न आणता बोलायला तयार. कॅव्हेट लावलं. दोनपातीची ऑर्डर तूर्त थांबवली, डीलरला एकपाती दिले.

पंधरा दिवस उलटून गेले, कोणी दावा लावला नाही. मग त्यांच्याच वकिलाचा मेल आला. २ लाखांचा विषय सोडला. एकपातीबद्दल "सध्या आग्रह नाही" असं गुळमुळीत लिहिलंय. दोनपातीवर नगामागे ९०. कलम १२ काढलं. कलम १० मात्र ठेवलंय, शब्द थोडे मऊ करून. दुकानदारांच्या पत्रांबद्दल चकार शब्द नाही.

वकीलबाई म्हणतात ६० पर्यंत येतील.

कायदाकोन

"सध्या आग्रह नाही" याला काडीची किंमत नाही. "सदर यंत्र पेटंट क्रमांक अमुकच्या कोणत्याही क्लेममध्ये येत नाही हे मान्य" असं वाक्य घ्या, नाहीतर किमान "या मॉडेलबाबत मागचा-पुढचा कोणताही दावा करणार नाही." माझ्या मते या वाक्याची किंमत ९० आणि ६० मधल्या फरकापेक्षा कितीतरी जास्त आहे. दर वाढवून द्यावा लागला तरी चालेल, हे वाक्य सोडू नका.

पाटाचं_पाणी

अन् दुकानदाराचं? दिग्रसवाला अजून माल ठेवत नाही म्हंते.

दारव्हा_फॅब

तेच अडलंय भाऊ. मी सांगितलं, ज्या ज्या दुकानाला पत्र गेलं त्या त्या दुकानाला त्यांच्याच लेटरहेडवर माघारीचं पत्र, आणि त्याची प्रत मला. त्याशिवाय सहीचं बोलणं नाही. ते म्हणतात करारात एक ओळ टाकू. दुकानदार माझा करार वाचायला येणार आहे का?

क्लेमवाचक

अडून राहा. भाच्याचा व्हिडिओ आणि चहाच्या यंत्राच्या जुन्या पेटंटांच्या प्रती घेऊन फॉर्म ७ चा मसुदा आतापासूनच तयार ठेवतो, वकीलबाईंना पाठवतो. त्या पुढच्या मेलमध्ये एवढंच लिहू देत की मसुदा तयार आहे आणि कलम १० वर आम्ही सही करणार नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माघारीची पत्रं आली नाहीत तर दाखल करून टाकू. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, पोर्टल ऐनवेळी बसतं.